उतारावरचा हँडब्रेक

पंचवटी, नाशिक
६ डिसेंबर १९९९

चि. महेशास,
मीनाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण फोन बैठकीत, आणि तिथेच ह्यांची खाट. ह्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं, म्हणून पत्र. आधी सांगते, आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुझ्या लाल गाडीला मात्र काल टोचन लावून घरी आणावं लागलं.

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी तिची चक्कर मारते, तू सांगून गेलास तशी. काल निघाले तर हे काठी टेकत दारापर्यंत आले आणि गाडीकडे बोट दाखवलं. उजव्या अंगाला पक्षाघात झाल्यापासून हे दवाखान्याशिवाय कुठे गेलेले नाहीत. शब्द वेडेवाकडे येतात म्हणून बोलणंही टाकलंय. गल्लीतल्या कोणी पाहू नये म्हणून खिडकी लावून घेतात. मी त्यांना शेजारी बसवलं आणि निघाले.

गंगापूर धरणापर्यंत छान गेलो. परतताना गाडी बंद पडली ती पडलीच. हिरामण नावाचे एक शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फ्लॉवर भरून मार्केटला निघाले होते. त्यांनी ट्रॉलीला दोर बांधून आम्हाला ओढलं. सुरुवातीलाच असा हिसका बसला की पुढे काहीतरी कडकन वाजलं. पुढे उतार लागला आणि गाडी ट्रॉलीवर जायला लागली. इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा कडक, दोन्ही पायांनी दाबला तरी गाडी थांबेना. तेव्हा ह्यांनी कुशीवर वळून, डावा हात आडवा घालून हँडब्रेक ओढला आणि उतार संपेपर्यंत धरून ठेवला. काय म्हणाले ते भेटलास की सांगेन.

घरी आलो तर मागच्या चाकांना जळका वास. पुढचा बंपर चिरलाय. ढकलताना खालून करकर आवाज येतो. रात्रभर मला तोच आवाज ऐकू येत होता. तू किती वर्षं वाट पाहून घेतलीस ती गाडी, आणि तिचे भाग इथे मिळतही नाहीत. गॅरेजला देऊ, की तू येईपर्यंत झाकून ठेवू? रागावलास तरी चालेल, पण लवकर लिही.

तिकडे जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी काळजी करणारी,
मीनाताई

०

मस्कत
१९ डिसेंबर १९९९

ती. सौ. मीनाताईस,
महेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. खरं सांगतो, वाचताना पहिल्यांदा मनात आली ती गाडीच. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा भाऊजी दिसले, उताराला हँडब्रेक धरून बसलेले. मग माझी मलाच लाज वाटली. तुझ्यावर रागावण्याइतका मी मोठा झालेलो नाही, आणि होणारही नाही.

तरीही गाडीची काळजी वाटतेच, ती लपवत नाही. झाकून ठेवू नकोस, वाल्मीकच्या गॅरेजला दे. पण मला काही गोष्टी कळायला हव्यात. दोर बंपरला बांधला होता की खालच्या हुकाला? ओढताना गाडी न्यूट्रलमध्ये होती ना? करकर चाकातून येते की गिअरबॉक्समधून? गिअरबॉक्स गेला असेल तर मात्र ती गाडी पुन्हा रस्त्यावर येणं कठीण आहे.

हे तुला विचारून उपयोग नाही, तू सगळ्याच आवाजांना करकर म्हणतेस. भाऊजींना विचार. त्यांनी अंबडच्या कारखान्यात इतकी वर्षं मशिनं उघडली. ही गाडी घ्यायला मी कचरत होतो तेव्हा बॉनेट उघडून, कान लावून, घे म्हणाले तेही तेच. त्यांना गॅरेजमध्ये समोर बसू दे आणि उत्तर त्यांनीच कळवू दे. तू लिहून दिलेलं मला चालणार नाही.

त्यांना नको वाटलं तर आग्रह करू नकोस. पण विचारून बघ.

तुम्हा दोघांच्या पायाशी,
महेश

०

पंचवटी, नाशिक
८ जानेवारी २०००

चि. महेश,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस.

दोर बंपरला होता. चूक माझी. हूक खाली आहे हे मला माहीत होतं, पण सांगायला तोंड उघडलं नाही. शब्द नीट येणार नाही, हिरामण हसतील, असं वाटलं. तेवढ्यात ट्रॅक्टर निघाला आणि बंपर चिरला.

गाडी न्यूट्रलमध्येच होती. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बोटांवर चोळून पाहिलं. लोखंडाचा चुरा नाही. गिअरबॉक्स उत्तम आहे. बंद पडली ती इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपामुळे. पंप दुरुस्त झाला.

करकर मागच्या ब्रेकची होती. दोन्ही लायनर जळले, ड्रम तापून निळे पडलेत. तेही मीच केलं. उतारावर ब्रेक सोडला असता तर आम्ही ट्रॉलीखाली गेलो असतो. वाल्मीकने लायनर नवे बसवले.

उतारावर मीना सारखी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, माझ्याकडे बघू नको, समोर बघ, मी धरलाय. आजारपणानंतर एवढं लांब कधी बोललो नव्हतो. ती समोर बघत रडत राहिली, पण स्टिअरिंग हलू दिलं नाही. हे ती तुला भेटीत सांगणार होती. मी आधी सांगून टाकलं.

काम संपेपर्यंत मी रोज गॅरेजला गेलो. गल्लीतून, काठी घेऊन. तिथे एकाने मला बहिरा समजून ओरडून विचारलं, तब्येत कशी आहे. मीही ओरडून सांगितलं, बरी आहे. शब्द वाकडाच आला. त्याला कळला.

बंपरची चीर बुजवली आहे, पण जागा दिसून येते. तू रागावशील म्हणून मीना अजून घाबरते. तिला दोन ओळी वेगळ्या लिही.

पाकिटावर पत्ता ती घालते म्हणाली. मी म्हटलं, मीच घालणार. पोस्टाला वाचता आला नाही, तर पाकीट परत घरी येईल. मग पुन्हा लिहीन.

तुझा,
किशोर