बिजागऱ्यांचं आंतरिक मूल्य

२ जून, सकाळ
आजपासून नियमित अभ्यास. लोक भाव बघून शेअर घेतात. मी आंतरिक मूल्य काढून घेणार. पद्धत सोपी आहे. कंपनी पुढे किती नफा कमावेल ते ठरवायचं आणि त्याची आजची किंमत काढायची. पुढचं कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

२ जून, संध्याकाळ
कंपनी निवडली. आपलीच. दारांच्या बिजागऱ्या बनवते. तक्रार विभागात मी एकटाच, म्हणजे कंपनीची नाडी माझ्या हातात. बाजारातला भाव चाळीस.

५ जून
मूल्य काढलं. एकतीस आलं. पद्धतीत चूक असावी. नफावाढीचा दर पाच टक्के धरला होता, तो आठ केला. बावन्न. आता पटतं.
हिशेबनिसांना कागद दाखवला. आठ टक्के कुठून आणले म्हणाले. म्हटलं, मनाला वाटले. मग आधी मनाचं ऑडिट करून घ्या म्हणाले. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

९ जून
अभ्यासाला जागा हवी. तक्रारींची पत्रं टेबल अडवतात. कपाटात टाकली. ईमेलही तूर्त बंद. सोमवारपासून सगळं बघायचं.

१६ जून
अहवाल भरायला बसलो तर रजिस्टरात एकही नवी तक्रार नाही! माल भलताच सुधारलेला दिसतो. वाढीचा दर बारा केला. मूल्य एकशे दहा.

१७ जून
भांडवल कुठून आणायचं? बायकोने शिलाईकाम करून तिच्या आईच्या कानाच्या मशीनसाठी पैसे साठवलेत. माझ्याकडेच दिलेत. सासूबाई आमच्याकडेच असतात. काल त्या शेजारणीशी बराच वेळ बोलत होत्या. शेजारीण केव्हाच उठून गेली होती. मशीन हवंच, वाद नाही. पण आज एक मशीन घेण्यापेक्षा वर्षभराने तीन घेता येतील. दोन कानांना दोन, एक जादा.
सगळ्याचे शेअर घेतले. बायकोला सांगितलं, मशीन मागवलंय, परदेशातून येतं, वेळ लागतो.

२४ जून
भाव अडतीस. उत्तम. आपलाच माल आणखी स्वस्त मिळतोय. घ्यायला पैसे नाहीत एवढंच.

१ जुलै
आईला चहा घे म्हणून ओरडून ओरडून बायकोचा घसा बसलाय. खुणेनेच विचारलं, मशीन कुठवर आलं. म्हटलं, वाटेत आहे. संकल्प: यापुढे भाव बघायचा नाही. खरा गुंतवणूकदार बघत नाही.

१ जुलै, दुपार
छत्तीस.

८ जुलै
जनरल मॅनेजरनी बोलावलं. समोर माझाच अहवाल. उठून हात मिळवला. महिन्याभरात एकही तक्रार नाही, कमाल आहे म्हणाले. म्हटलं, टीमवर्क. प्रमोशन नक्की. माझ्या पगारवाढीने कंपनीचा खर्च वाढणार, म्हणून मूल्य एकशे नऊवर आणलं. हिशेबाला हिशेब.

१५ जुलै
पत्र मिळालं. तक्रारीच नाहीत तर तक्रार विभाग कशाला? बंद. मी महिनाअखेर घरी.
सांगायला तोंड उघडलं, की साहेब, तक्रारी आहेत, कपाटभर आहेत. मग विचार केला. सांगितलं तर नोकरी जाणार आणि शेअरही पडणार. नाही सांगितलं तर नुसती नोकरी जाणार. गुंतवणूकदार म्हणून गप्प बसलो.
टेबलावर येऊन नव्याने मूल्य काढलं. माझा पगार वाचतो, म्हणून एकशे चौदा. मी नसलो की कंपनी जास्त किमती. आकडा तीनदा तपासला. बरोबर आहे. वाईट वाटलं.

२९ जुलै
शिपायाने कपाट रिकामं करायला घेतलं. दार उघडताच पत्रांचा ढीग त्याच्या पायावर. वरचंच पत्र एका हॉटेलचं. त्यांच्या खोल्यांची दारं पाहुण्यांच्या हातात येतायत. दुपारपर्यंत ही बातमी बाहेर गेली. भाव अकरा. हिशेबनिसांनी विचारलं, तुमचं मूल्य काय म्हणतंय? म्हटलं, लांबचा विचार करा. ते लांब जाऊन बसले.

३१ जुलै
नोकरी संपली. घरी आलो तर बायको बाजारात गेलेली. मन खात होतं. ठरवलं, आता खरं बोलायचं, आणि ज्यांचं मशीन त्यांना आधी सांगायचं. सासूबाईंसमोर बसलो. अगदी कपाटापासून सुरुवात केली. रजिस्टर, मशीनचे पैसे, नोकरी, अकरा. काही म्हणजे काही लपवलं नाही. फक्त आवाज हळू ठेवला, शेजारी ऐकतात.
त्यांना एक अक्षर कळलं नाही. माझा चेहरा बघून पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, जावईबापू, जिवाला इतकं लावून घेऊ नका, येईल हो मशीन आज ना उद्या. मला रडूच आलं. पण मन हलकं झालं. सगळं सांगून मोकळा झालो. उद्यापासून पाटी कोरी.
डोळे पुसून वळलो तर दारात बायको. हातात भाजीची पिशवी. विचारलं, कधी आलीस?
म्हणाली, कपाटापासून.