गोली वलखते कशी

आये, तुझ्या जिभेवरची ती जखम मी पहिल्यांदा पाहिली ती चुलीपाशी. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मासळीचं कालवण तू मागच्या पडवीतल्या चुलीवरच करायचीस. त्या दिवशी निवट्यांचं कालवण होतं. चव बघायला तू जरासा रस्सा तळहातावर घेतलास, जिभेला लावलास आणि डोळे घट्ट मिटून घेतलेस. "तिखट झालं?" मी विचारलं. "नाय गं. जिभेला जरा लागलंय." मी तुला उजेडात आणून तोंड उघडायला लावलं. मिश्रीनं काळवंडलेल्या दातांच्या बाजूला, जिभेच्या कडेवर, कडा वर आलेली पांढुरकी जखम होती. "कधीपासून आहे हे?" "दिवालीपासनं." होळी तोंडावर आली होती. मी ओरडले तुझ्यावर. तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "कालवण उतरव आदी, करपल."

आता कोणाला सांगितलं तर पटत नाही, पण तेव्हा कोन गावापासून करंजाड्यापर्यंत आपल्या लोकांत तुझ्या धवल्यांशिवाय, मांडवातल्या त्या गाण्यांशिवाय, लग्न लागत नसे. भटजी असला तरी बाजूला थांबायचा आणि मांडवात तुझा आवाज चालायचा. तू कधी शाळेत गेली नाहीस, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले तुला तोंडपाठ, आणि तेही आपल्याच चालीत, सावकाश. तपासणीत कॅन्सर निघाला आणि नेमकी तुझीच जीभ कडेनं कापावी लागली. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आलेल्या तुझ्याकडे बघतेय आणि तू तोंडातल्या तोंडात काहीतरी चाचपतेयस, जसं एखादं माणूस अंधारात आपल्याच घरातलं सामान चाचपतं. पुढं रेडिएशन झालं. तोंड कोरडं पडलं, बोलणं जड झालं, तरी तू पुन्हा मांडवात बसायला लागलीस. शब्द नीट कळत नव्हते, पण बायकांना ते पाठ होते, त्यामुळे चालून गेलं.

मग मानेत गाठ आली. कानाखाली, सुपारीएवढी. हॉस्पिटलातल्या आपल्या डॉक्टरबाई तेव्हा तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी तपासलं, रिपोर्ट पाहिले आणि खुर्ची तुझ्याजवळ ओढून घेतली. त्यांनी खुर्ची ओढली तेव्हाच मला कळलं. म्हणाल्या, आता परत कापता येणार नाही आणि त्याच जागी परत रेडिएशनही देता येणार नाही. सलाईनमधून द्यायचं औषध आहे, ते तुम्हाला झेपेल असं वाटत नाही. एक नवी गोळी आहे. ती अजून आम्ही तपासून बघतोय. बरं करेलच असं मी म्हणणार नाही. ती सगळ्या अंगावर मारा करत नाही, त्या आजाराच्या पेशी ओळखते आणि त्यांनाच धरते.

तू विचारलंस, "गोली वलखते कशी?"

बाई म्हणाल्या, "त्या पेशींच्या अंगावर एक खूण असते, आजी. आपल्या चांगल्या पेशींवरही असते, पण त्यांच्यावर फार दाट असते."

"म्हंजे चांगल्याला पन धरल."

"थोडं धरेल. तोंडावर, अंगावर पुटकुळ्या येतील. पोट बिघडेल."

दादा मागं भिंतीला टेकून उभा होता. तो एकदम भडकला. "आयेवर प्रयोग करताय? ती काय उंदीर हाय?" तू मान न वळवता हात वर केलास. "तू गप. मी हितं बसलेय ना, मना इचारू दे." आणि बाईंना म्हणालीस, "मी घेतली नि मेली, तर तुमाला काय कलल?" मला वाटलं बाई काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाल्या, "तेही कळेल, आजी. कोणाला उपयोग झाला नाही हेही आम्हाला कळायला लागतं." तू कागदावर उठवायला अंगठा पुढं केलास.

थोड्याच दिवसांत तुझा चेहरा फुलून आला. नाकावर, गालांवर, कपाळावर, लाल पिकल्या पुटकुळ्या. खोबरेल लावताना तू कण्हायचीस. "वाट्टोलं झालं बघ तोंडाचं," म्हणायचीस, आणि मी वेडी हरखून जायचे. कारण बाई म्हणाल्या होत्या की पुटकुळ्या आल्या तर बऱ्याचदा गोळी लागू पडत असते. "बऱ्याचदा, नेहमी नाही," असंही त्या म्हणाल्या होत्या. ते मी ऐकलं होतं, पण घरी आणलं नाही. रोज सकाळी मी तुझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचे आणि नवीन पुटकुळी दिसली की माझ्या पोटात आनंद मावायचा नाही.

आणि गाठ खरंच उतरली, आये. तुझ्याच लक्षात आलं. तू माझं बोट धरून कानाखाली लावलंस. "बग. बसली खाली." त्या दिवशी तू मऊ भात आणि जिताड्याचा रस्सा मागून घेतलास आणि ताटली पुसून खाल्लीस. त्याच आठवड्यात शेजारच्या पोरीची हळद होती. तशा तोंडानं जाऊ नको म्हणून मी विनवलं. "तोंडाला काय झालंय? गल्याला तर नाय झालं," असं म्हणून तू गेलीस. पहिली ओळ तू उचललीस, दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. बायकांनी पुढं म्हणायला घेतलं, पण आताच्या पोरी, गाण्याच्या नादात त्या चाल सोडून पळायला लागल्या. मला वाटलं तू रडशील. तू चिडलीस! जमिनीवर हात आपटून आपटून तू त्यांना मागं ओढत होतीस, सावकाश, सावकाश, आणि सगळा मांडव तुझ्या हाताच्या ठेक्यावर आला. पदर डोक्यावरून घसरला होता, चेहरा पुटकुळ्यांनी पेटलेला. नवरीची आई माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या आयेला बरं वाटतंय हां आता." मी हो म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली दिसली. एकीच्या दोन झाल्या होत्या. नियमच होता, अशी वाढली की गोळी बंद, आणि उरलेल्या गोळ्या परत करायच्या. तू पिशवीतून डबी काढलीस, पण टेबलावर ठेवली नाहीस. दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवलीस. "बाय, थोड्या राहू दे ना माझ्याकडं." एवढंच. तू कोणाकडं कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. बाईंनी तुझ्या हातांवर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. "आता त्यानं फक्त त्रास होईल, आजी." बराच वेळ दोघींचे हात त्या डबीवर तसेच होते. मग तुझीच बोटं सैल झाली.

शेवटी शेवटी तुझं बोलणं मलाच काय ते कळायचं. एका दुपारी मी कापसानं तुझे ओठ ओले करतेय आणि तू म्हणतेस, "त्यांना इचार, कायतरी कललं का." मी म्हटलं, विचारते. तू गेलीस त्यानंतर त्या हॉस्पिटलच्या वासाकडंही मला जाववेना. विचारायचं राहूनच गेलं.

या महिन्यात पुन्हा तिथं गेले, आये. दादाला घेऊन. तुझ्यानंतर त्यानं तंबाखू सोडली होती, एकदम, पुडी खाडीत फेकून. तरी गालात आलंच. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, आणि आता जबड्याखाली परत. डॉक्टरबाई त्याच आहेत. केस पांढरे झालेत. आपली फाईल बघायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हाताचा ठेका धरणाऱ्या आजी." मीच कधीतरी त्या हळदीची गोष्ट त्यांना सांगितली होती वाटतं. मी तुझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "कळलं ना. ती गोळी एकटी पुरी पडत नाही, आजार दुसऱ्या वाटेनं निसटतो, हे तुमच्या आईसारख्या लोकांमुळेच कळलं. म्हणून आता आम्ही दोन औषधं बरोबर देऊन बघतोय." आणि मग त्यांनी खुर्ची दादाजवळ ओढली.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. दादाला गार करूनच द्यावा लागतो. तो म्हणाला, "आयेला त्या गोलीनं खरंच बरं वाटलेलं का गं? का मना उगाच तसं आठवतंय?" मी त्याला हळदीचं सांगितलं, जिताड्याच्या रश्श्याचं सांगितलं. डबीचं नाही सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मंग घेतो मी पन." सोमवारपासून सुरू होतंय.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे कागद जिथं लिहिले तिथंच राहतील. दादाला दाखवायचा तर प्रश्नच नाही. तुला तेवढं सांगते. तो विचार करत होता तेव्हा मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, हा नको म्हणू दे. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. परत कोणाची तरी हनुवटी धरून रोज सकाळी उजेडाकडं वळवायची, आये, मना नाय जमायचं.