चढण चढता येते का?

लाटंबार्से,
१५ मार्च १९९४

ती. सौ. सुलोचनाताईस,

सगुणाचा नमस्कार, भावजींनाही. मुरगावात उकाडा असेलच. इथे काजू पिकलेत, सगळा गाव वासाने भरलाय. मी झाडावर चढत नाही, खाली बसून बोंडाच्या बिया काढतो. मागे त्या बागायतीत एक रानडुक्कर... नको, आधी कोर्टाचं.

ट्रकाने पाय मोडला त्याची काल म्हापशाला साक्ष होती. वकील म्हणाले, तुझ्याकडे पगाराची चिठ्ठी नाही. आज ट्रकावर, उद्या बागायतीत. कमाई न्यायाधीश अंदाजानेच धरणार. भरपाई वाढेल ती पाय किती निकामी झाला त्यावर. तेव्हा जरा जास्त लंगड. म्हापशाचे गरम पाव खात खात मी सरावही केला.

पण दुसरे साक्षीदार कोण, तर वळणावरचे चहावाले गोकुळदास. ट्रक त्यांच्यासमोरच अंगावर आलेला. त्यांना पद्मावती नावाची मुलगी आहे. प्लास्टर होतं तेव्हा मी गाड्यावर बसलो की पायाखाली स्टूल सरकवायची. चहा बरा करते. हे आपलं उगाच लिहिलं.

तर गोकुळदास समोरच बाकावर. लंगडावं तर ते बघतात, ताठ चालावं तर भरपाई जाते. पिंजऱ्यापर्यंत निम्मं अंतर मी लंगडत गेलो, निम्मं सरळ. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.

विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, चढण चढता येते का? आमचे वकील डोळ्यांनी नाही म्हणत होते. गोकुळदास मान पुढे काढून ऐकत होते. शपथ घेतलेली ना, ताई. म्हटलं, "चढतो. पण मधे दम खावा लागतो. थांबत थांबत चढतो."

वकील बाहेर आले ते फाइल काखेत मारून तडक निघून गेले. डॉक्टरांच्या दाखल्यात जेवढा अधूपणा आहे तेवढ्याचेच पैसे आता कंपनी कोर्टात भरेल. थोडे हातात, बाकीचे बँकेत अडकवून ठेवणार. मी कुठे अडकून राहिलो नाही, पैसे तरी अडकू देत.

बसमध्ये गोकुळदास शेजारी येऊन बसले. माझंही तिकीट काढलं. डिचोलीपर्यंत मी रानडुकराची गोष्ट सांगत राहिलो. उतरताना म्हणाले, "आमचा घर वयर चढणीर आसा. आयतारा ये. थांबत थांबत ये."

ताई, मी आजवर कुठे टिकलोय ते तुलाच माहीत. पण रविवारी तू आणि भावजी सकाळच्या बसने या, वडीलधारं कुणीतरी बरोबर हवं. चढण मोठी आहे, मी मागे पडेन. तुम्ही आधी पोचलात तर पद्मावतीला सांग, तो येतोय.

वाटेतच असलेला,
तुझा सगुण