मोनाच्या पदवीला, नागपूरला

२० फेब्रुवारी, गुरुवार. लातूर

अंग नुसतं मोडून आलंय! पहाटे कळंब्यातून निघालो, ते आत्ता या लॉजवर टेकलो. सई सांगोल्याच्या पुढं ओकली — माझ्याच मांडीवर. आमच्या ह्यांना, अमरसिंहांना, गाडी थांबवायला नको. आत्ती मागं बसून कण्हत होत्या, "पदवी घ्यायला नागपूरच घावलं व्हय हिला!" पण धाकट्या सुनेसाठी, मोनासाठी, तळलेल्या गोड कडाकण्यांचा डबा मात्र मांडीवरनं खाली ठेवला नाही त्यांनी.

माझे धाकटे दीर, मोनाचे यजमान सम्राटभावजी गेले तेव्हा त्यांची सई जेमतेम तीन वर्षांची. मोना नर्सिंगला गेली आणि पोर माझ्या ओटीत आली. आम्हाला मूल नाही.

आता मोना शिकून मोकळी. म्हणजे सईला नेणारच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नांदेडच्या पुढं टायर फुटला. उन्हात ताटकळलो. आत्ती आणि अमरसिंह भांडले. सई म्हणाली, "काकू, मम्मी आता आपल्यातच राहणार?"

"बघू," म्हटलं.

नागपूर. पाय सुजलेत. झोप नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भाषणं संपता संपेनात! सई माझ्या खांद्यावर झोपली, हात बधिर झाला. मोनाचं नाव पुकारलं तशा आत्ती खुर्चीवरून उठल्या आणि ओरडल्या, "आमची सून हाय ती!" सगळा हॉल वळून बघायला लागला. आत्तींनी पदर डोळ्याला लावला.

नंतर कँटीनमध्ये मोनानं मला बाजूला घेतलं. "ताई, जर्मनीत नोकरी लागलीय. एप्रिलमध्ये जायचंय. सई तुमच्याजवळच राहू दे. कायमची."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना.

"तुम्हीच तिची आई. मी नुसती पाहुणी," म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. कपातला चहा ढवळत होती.

पलीकडं सई मोनाचा पदवीचा काळा गाऊन अंगावर ओढून फिरत होती, पायात अडकून पडत होती, हसत होती.

वाटभर ज्याची धास्ती होती ते टळलं. मला आनंद व्हायला हवा होता की! उलट मोनाचा संताप आला. पोटच्या पोरीला असं देऊन टाकतं कुणी?

२३ फेब्रुवारी, रविवार

परतीला. निघताना मोनानं सईला जर्मनीचं सांगितलं. सई मागच्या काचेतून बघत राहिली, नागपूर कधीच मागं पडलं तरी.

यवतमाळच्या अलीकडं विचारलं, "काकू, मी काय केलं? मम्मी का चाललीय?"

जवळ घेतलं, तर अंग आखडून बसली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरी. कपडे भिजवले. बाकी काही सुधरत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मीच मोनाला फोन लावला. म्हटलं, "तू जा. बस्तान बसेपर्यंत मी सांभाळते. मग तिला ने. तिला तू हवीस."

मोना रडायलाच लागली. "ताई, मला ती हवीच होती हो! पण तुमच्यापासून तोडली तर तुम्ही जगायच्या नाही, असं वाटलं. म्हणून तसं बोलले."

"मी जगीन," म्हटलं. "तू ने तिला."