घशात राहिलेला शब्द

५ जानेवारी, रविवार
आले एकदाची ठाण्यात, कोपरीत भाचीकडे. डोंबिवलीहून टेम्पोत एक कपाट, पुस्तकांची सहा खोकी आणि ह्यांची डावखुरी कात्री आणली. योगिनी दारातच म्हणाली, मावशी, तू संसार आणलास की वाचनालय? खूप दिवसांनी हसले. खिडकीखालीच भाजीवाला बसतो, मेथी ताजी असते. इथे बरं वाटेल.

९ जानेवारी, गुरुवार
योगिनीने नौपाड्यात क्षिप्राबाईंकडे नेलं. हे गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, माझ्या घशात काहीतरी टोचतं. डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट स्वच्छ. क्षिप्राबाई औषध देत नाहीत. चटईवर झोपवतात, डोळे मिटायला सांगतात आणि विचारतात, आत्ता अंगात कुठे काय होतंय? म्हणाल्या, धक्का बसला की जे करायचं राहून जातं ते शरीर धरून ठेवतं; ते पुरं होऊ द्यायचं. मला पटलं. हे शिंपी होते. अर्धवट सोडलेली शिवण पुढे सगळं कापड ओढते, असं नेहमी म्हणायचे.

काय राहून गेलं, असं बाईंनी विचारलं. उत्तर इथे लिहिते. त्या सकाळी हे म्हणाले, भाजी अळणी आहे. मी म्हटलं, तुमच्या जिभेलाच चव नाही. चपला घालून म्हणाले, येतो. रोज मी आतून म्हणायचे, या. निघणाऱ्याला आपण जा म्हणत नाही. त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. हे दुकानात कापड कापता कापता गेले.

१६ जानेवारी, गुरुवार
पुन्हा चटई. पाय थरथरायला लागले. बाई म्हणाल्या, थांबवू नका. मग म्हणाल्या, अडकलेला शब्द मोठ्याने बोला, त्यांना निरोप द्या.
मी म्हटलं, या.
घसा मोकळा झाला. पाणी न टोचता उतरलं. बाईंच्या चटईवर लहान मुलीसारखी रडले. घरी चालतच आले. वाटेत मात्र मनात आलं, निघणाऱ्याला म्हटलेलं ‘या’ हा निरोप असतो. गेलेल्याला म्हटलं तर?

१८ जानेवारी, शनिवार
मेथी निवडत होते. डाव्या हाताने. मी तर उजव्या हाताची. ओठ घट्ट मिटलेले, जिभेला लोखंडाची चव. हे टाचण्या ओठांत धरून काम करायचे, तोंडाच्या कोपऱ्यातून बोलायचे. योगिनी म्हणाली, मावशी, बोलतेस कशी, तोंडात काय आहे?
काही नव्हतं. भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर, आनंद झाला.

२० जानेवारी, सोमवार
दुपारी उठलो तेव्हा — उठले.
खोडत नाही. अक्षर डावीकडे कललंय. योगिनीच्या शिलाई मशीनवर तिचाच कुर्ता, बगलेत सफाईने आत घेतलेला. मला शिवता येत नाही.

२१ जानेवारी
योगिनीने मावशी म्हणून हाक मारली. मी मागे वळून बघितलं — सगुणा कुठे आहे म्हणून.
सगुणा मीच.

२२ जानेवारी
ओठ उघडेनात. योगिनीने बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, उद्या घेऊन या, आता एकच शब्द म्हणायचा — जा.
जा कसं म्हणू? एकदा न बोलता घालवलं. आता बोलून घालवू?
आणि नाही म्हटलं तर — मी कुठे राहू —

२३ जानेवारी
योगिनी खाली रिक्षा थांबवून आहे. आधी लिहून बघते, म्हणजे तिथे म्हणता येईल. उजवा हात उचलला जात नाही. डाव्याने —
ज

भाजीत मीठ होतं. मीच उगाच बोललो.
दारातच थांबलेलो, अगं. तू म्हणशील म्हणून. वर्षभर — चपला पायात —
आत्ता कुठे या म्हणालीस. आता मी परत कुठे जा