पगाराचं जुनं खातं

चाकण, शनिवार

ताई,

मोबाइलवरच्या पत्त्यांच्या ॲपने मला आधी थोडं जिंकू दिलं, मग माझी सगळी बचत गिळली. खेळलो ही माझी चूक, पण फसवणूक ती फसवणूकच, म्हणून परवा सायबर पोलिसांत तक्रार दिली.

आज त्यांनी परत बोलावलं. माझे पैसे ज्या बँक खात्यात गेले, त्याचा कागद साहेबांनी पुढे सरकवला. वर माझंच नाव, माझाच फोटो.

इथे ठेकेदार बदलला की पगाराचं खातं नवीन निघतं आणि जुनं तसंच पडून राहतं. तसलं एक जुनं खातं मी दाजींना दिलं होतं, कार्ड आणि सिमसकट. "मित्राला धंद्याला लागतंय," म्हणाले. दाजींना नाही कसं म्हणायचं?

साहेबांनी विचारलं, "कार्ड कुणाला दिलं?" मी हरवलं म्हणालो. ते म्हणाले, "सोमवारी नीट आठवून ये, नाहीतर आरोपी तूच."

बाहेर पडलो तोच दाजींचा फोन. "सुजित, तक्रार मागे घे."

ताई, तक्रारीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोमवारी त्यांचं नाव सांगणार आहे. तुला आधी कळवावं म्हणून लिहायला बसलो. पण तू वाचून त्यांना जाब विचारशील, आणि ते सोमवारपर्यंत घरी थांबणार नाहीत. म्हणून हे पत्र खिशातच ठेवतो.

सोमवारपर्यंत तरी तुझा भाऊ,
सुजित