आतल्या खोलीतील कडप्पा व सीडींची पेटी

सौ. मालन हिस कळविण्यात येते की, सदर चिठ्ठीत एका भयंकर गोष्टीचे निवेदन केलेले आहे. ती पूर्ण वाचल्याशिवाय आतल्या खोलीचे दार उघडू नये.

तू व चि. उज्ज्वला बाळाला डोस पाजण्यास दवाखान्यात गेल्यावर मी पिक्चरच्या चार नवीन सीडी पत्र्याच्या पेटीत ठेवण्यासाठी स्टुलावर चढलो. तेव्हा पेटीखालील कडप्प्याच्या फळीला भिंतीपासून कडेपर्यंत केसाएवढी चीर गेलेली आढळली. पेटीला हात लावताच दगडाचा बारीक चुरा खाली पाळण्यात पडला. बाळाच्या उशीवर पडला.

एकट्याने पेटी उतरविण्याचे धाडस होत नाही, म्हणून किसन गवंड्याला टेकू घेऊन बोलाविण्यास जात आहे. बाळाला तुझ्या खाटेवर निजवावे. दुपटे आणण्यासाठीसुद्धा आत जाऊ नये.

पेटीत पन्नासच सीडी आहेत असे मी सांगत आलो, ते असत्य होय. त्या तीनशेच्या वर आहेत.

रविवारी तू म्हणालीस, “आवं, ती पेटी खाली घ्या, कडप्पा वाकंल की! तुमचं पिच्चर काय नातवापेक्षा मोठं हायेत व्हय?” त्यावर मी हसून, “येडे, दगड कधी वाकतो का?” असे उत्तर दिले. दगड वाकत नाही हे खरेच आहे. तो वाकून आधी सांगत नाही, एवढे मला उमजले नव्हते.

दाराबाहेर थांबून ही चिठ्ठी शेवटपर्यंत वाचल्याबद्दल तुम्हा मायलेकींचे मनःपूर्वक आभार.

गहिनीनाथ
मिरजगाव